कोपनहेगनचे दोन पेपर: अंश वाचला, छेद राहिला

पीएचडीच्या पहिल्या वर्षी बहुतेकांना एक सवय लागते. पेपर उघडायचा, ॲब्स्ट्रॅक्टमधला आकडा उचलायचा आणि आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नेऊन ठेवायचा. ॲम्ब्युलन्ससाठी येणाऱ्या कॉल्सवर काम करणाऱ्यांना असाच एक आकडा सारखा भेटतो: कार्डिॲक अरेस्टचे ८४ टक्के कॉल यंत्राने ओळखले, माणसांनी ७२ टक्के. हा आकडा कोपनहेगनच्या आपत्कालीन सेवेतल्या डेटाचा. स्टिग ब्लॉमबर्ग आणि सहकाऱ्यांचा पेपर, २०१९, जर्नलचं नाव 'रिससिटेशन'. आकडा खरा आहे. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला जातो, त्या प्रश्नाचं उत्तर तो नाही. आणि हे दाखवून देणारा पुरावा दुसऱ्या कुणी नव्हे, त्याच गटाने दोन वर्षांनी स्वतःच छापला. म्हणून हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचूया. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरची तयारी करणाऱ्यांना सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीची व्याख्या पाठ असतेच. ती प्रत्यक्षात कुठे दगा देते ते इथे दिसतं.

आधी कामाचं स्वरूप थोडक्यात. फोन करणारा बहुतेकदा रुग्ण नसतो. तो घाबरलेला असतो, पत्ता अर्धवट सांगतो, आणि डिस्पॅचरला काहीही दिसत नसतं. तरी मिनिटभराच्या आसपास ठरवावं लागतं की कोणती गाडी पाठवायची, किती घाईने, आणि ती पोचेपर्यंत फोनवरच्या माणसाकडून काय करून घ्यायचं. हे ठरवण्याच्या जगात दोन मोठ्या पद्धती आहेत. एक अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली: प्रश्न शब्दशः लिहून दिलेले, ते त्याच क्रमाने विचारायचे, उत्तरांवरून कोड निघतो, आणि कोडमधलं अक्षर (अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको) निकड किती ते सांगतं. दुसरी निकषांवर चालणारी. ती वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत १९९० मध्ये आली, तिथून नॉर्वेत, आणि २०११ पासून डेन्मार्कमध्ये. इथे फोनवर नर्स किंवा पॅरामेडिक बसतात, समोर लक्षणांची सूची असते, पण प्रश्न कसा विचारायचा हे त्यांच्या अनुभवावर सोडलेलं असतं. कोपनहेगन या दुसऱ्या घराण्यातलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्राधान्य ठरवताना चूक दोन बाजूंनी होते. गंभीर रुग्णाला मागे टाकलं तर तो जातो. आणि साध्या रुग्णाला पुढे काढलं तर गाडी तिकडे अडकते, त्यामुळे तिसराच कुणीतरी जातो, फक्त त्याचं नाव कुठल्या अहवालात येत नाही. कार्डिॲक अरेस्टमध्ये पहिली चूक सगळ्यात महाग पडते, कारण सीपीआर सुरू झालं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आणि ओळखायला तो वाटतो तितका सोपा नाही. डिस्पॅचर विचारते, "श्वास चालू आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "हो, घोरतायत." हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस आचके देतो, घशात घरघर होते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना ही 'घरघर' काय ते बरोबर माहीत असतं. फोनवर मात्र ती 'श्वास चालू आहे' या खात्यात जमा होते. म्हणूनच प्रश्न "श्वास चालू आहे का" असा न विचारता "नेहमीसारखा चालू आहे का" असा विचारायचा, असं आता जवळपास सगळीकडे शिकवतात.

आता पहिला पेपर. २०१४ साली कोपनहेगनच्या केंद्रात आलेले १,०८,६०७ कॉल. त्यांतले ९१८ प्रत्यक्षात कार्डिॲक अरेस्ट, म्हणजे जेमतेम ०.८ टक्के. रेकॉर्ड केलेले कॉल यंत्राला ऐकवले. यंत्राची सेन्सिटिव्हिटी ८४.१ टक्के, डिस्पॅचरची ७२.५. स्पेसिफिसिटी अनुक्रमे ९७.३ आणि ९८.८. ओळख पटायला लागलेला मध्यक वेळ: यंत्राला ४४ सेकंद, माणसाला ५४.

एक कागद घ्या आणि टक्क्यांचे परत कॉल करा. ही सवय मला माझ्या गाईडनी लावली आणि ती फुकट गेलेली नाही. ९१८ चे ८४.१ टक्के म्हणजे ७७२. डिस्पॅचरचे ६६६. म्हणजे यंत्राने १०६ अरेस्ट जास्त पकडले. ही माणसं आहेत, हा आकडा लहान म्हणायचा नाही. पण यंत्र जेव्हा 'अरेस्ट' म्हणालं तेव्हा ते खरं निघण्याचं प्रमाण २०.९ टक्के होतं, डिस्पॅचरचं ३३. याचा अर्थ यंत्र सुमारे ३,७०० वेळा ओरडलं आणि डिस्पॅचर सुमारे २,००० वेळा. जास्तीचे १०६ पकडायला जास्तीचे साधारण १,५७० खोटे इशारे लागले. एकामागे पंधरा.

स्पेसिफिसिटीमध्ये हा फरक दीड टक्का दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो. ९७.३ आणि ९८.८, दोन्ही 'छान'च वाटतात. पण त्या दीड टक्क्याच्या छेदात एक लाखाहून जास्त कॉल आहेत. दुर्मिळ घटनेवर काम करणाऱ्या कुणीही स्पेसिफिसिटी टक्क्यांत वाचूच नये, असं माझं मत आहे. ती 'दिवसाला किती खोटे इशारे' या रूपात वाचावी. इथे यंत्राचे दिवसाला आठ होतात, डिस्पॅचरचे चारच्या खाली.

याहून मोठा आक्षेप असा. माणूस आणि यंत्र दोघं वेगवेगळ्या उंबरठ्यावर उभे आहेत. यंत्राला जवळपास दुप्पट वेळा 'हो' म्हणायची मुभा दिली आणि मग मोजलं की कुणी जास्त पकडले. डिस्पॅचरना सांगून बघा, शंका आली की 'हो' म्हणा, दिवसाला आठ चुका माफ. त्यांचीही सेन्सिटिव्हिटी वर जाईल. किती जाईल ते या डेटातून सांगता येत नाही, पण म्हणूनच ८४ विरुद्ध ७२ ही तुलना 'यंत्राला जास्त कळतं' याचा पुरावा होत नाही. ती 'यंत्र जास्त वेळा ओरडतं' याचाही पुरावा असू शकते, आणि दोन्ही शक्यता एकाच आकड्यात मिसळलेल्या आहेत. दहा सेकंदांचंही असंच. ओळखायला लागलेला वेळ मोजता येतो तो फक्त ज्यात ओळख पटली त्याच कॉल्समध्ये. दोन वेगळ्या यादीतल्या कॉल्सचे मध्यक शेजारी ठेवले की ते तुलनेसारखे दिसतात, एवढंच.

लेखकांवर हा आरोप नाही बरं का. पेपरच्या नावातच त्यांनी यंत्राला 'मदतीचं साधन' म्हटलंय, आणि सगळे आकडे उघडपणे दिलेत, म्हणून तर मला वरचा हिशेब करता आला. आणि एक गोष्ट मान्यच करायला हवी: ९१८ हा आकडा मिळवणं हेच मोठं काम आहे. डिस्पॅचरला न कळलेले अरेस्ट शोधायचे तर तिच्या नोंदी उपयोगाच्या नाहीत, कारण तिला ते कळलेच नव्हते. त्यासाठी दुसऱ्या टोकाकडून यावं लागतं: ज्यांना खरोखर अरेस्ट झाला त्यांची यादी घ्यायची आणि मागे मागे जात त्यांचा कॉल शोधायचा. डेन्मार्कमध्ये २००१ पासून राष्ट्रीय कार्डिॲक अरेस्ट नोंदवही आहे आणि प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे, म्हणून हे जमतं. (त्या नागरिक क्रमांकाचं नाव 'सीपीआर क्रमांक'. पेपर वाचताना पहिल्यांदा गोंधळ उडतो.)

दुसरा पेपर २०२१ चा, 'जामा नेटवर्क ओपन'मधला. इथे यंत्र खरोखरच कामाच्या ठिकाणी बसवलं आणि रँडमाइझ्ड ट्रायल केली. १ सप्टेंबर २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळातले १,६९,०४९ कॉल यंत्राने ऐकले, ५,२४२ वर त्याला अरेस्टची शंका आली. या ५,२४२ कॉल्सची चिठ्ठ्या टाकून वाटणी. निम्म्यांत डिस्पॅचरच्या स्क्रीनवर इशारा दिसणार, निम्म्यांत यंत्र मनातल्या मनात ओरडणार आणि डिस्पॅचर नेहमीसारखी काम करणार. इशारा दिसलेल्या गटात ३१८ खरे अरेस्ट होते, त्यांतले २९६ ओळखले गेले, ९३.१ टक्के. न दिसलेल्या गटात ३३६ पैकी ३०४, म्हणजे ९०.५ टक्के. पी-व्हॅल्यू ०.१५. फरक सिद्ध झाला नाही.

पहिल्या पेपरात बारा टक्क्यांची दरी, दुसऱ्यात अडीच टक्क्यांचीही खात्री नाही. मधले साडेनऊ टक्के गेले कुठे?

सोपं उत्तर सगळे देतात: डिस्पॅचरनी यंत्राचं ऐकलं नाही. थोडंफार ते खरं असेलही. आठ इशाऱ्यांत एक खरा निघतो (६५४ भागिले ५,२४२, करून बघा), तर आठवड्याभरात कुणीही त्या इशाऱ्याकडे बघणं कमी करेल. आपण मोबाईलवरच्या नोटिफिकेशनचं काय करतो? पण मला वाटतं खरं उत्तर पुन्हा छेदातच आहे. ट्रायलमध्ये चिठ्ठ्या टाकल्या गेल्या त्या फक्त यंत्राने ओळखलेल्या कॉल्सवर. आणि यंत्राने ओळखलेल्या अरेस्टपैकी ९०.५ टक्के तर डिस्पॅचरना इशाऱ्याशिवायच कळत होते! म्हणजे यंत्राला जे सोपं, ते बहुतांशी माणसालाही सोपंच. सुधारणेला जागा उरली साडेनऊ टक्के, ३३६ मधले ३२ कॉल. पहिला पेपर वाचून तुम्ही समजलात की डिस्पॅचरचे २७ टक्के सुटतात आणि यंत्र त्यातले बरेच उचलेल. पण सुटलेल्यांतले अनेक दोघांच्याही हातून सुटत होते.

याच पेपरात यंत्राची एकूण सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के दिली आहे. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर ६५४ च्या बाहेर साधारण ११५ अरेस्ट राहतात, ज्यांच्यावर यंत्राला शंकाच आली नाही. ते ट्रायलच्या कुठल्याच गटात नाहीत. त्यांना या साधनाचा फायदा होणं शक्यच नव्हतं, आणि प्राधान्यक्रमाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड रुग्ण कदाचित तेच होते. ट्रायलची रचना म्हणून हे चूक नाही, इशाराच नाही तर दाखवायचं काय? पण 'डिस्पॅचरची ओळख ९३ टक्क्यांवर गेली' असं वाक्य कुणी आपल्या प्रकरणात लिहिलं तर ते या ११५ जणांना मोजायचं विसरलेलं वाक्य आहे. दुसऱ्या बाजूनेही सावध राहा. 'यंत्राचा उपयोग नाही हे सिद्ध झालं' असंही हा पेपर म्हणत नाही. अडीच टक्क्यांच्या फरकाभोवतीचा ९५ टक्के पट्टा मी हाताने काढला तर तो उणे दीडपासून अधिक सातपर्यंत जातो. सात टक्के खरे असतील तर ती फार मोठी गोष्ट आहे. एवढ्या कॉल्समध्ये ते कळलं नाही, इतकंच.

इथपर्यंत आकड्यांचं झालं. आता मला ज्याचं जास्त वाटतं ते.

दोन्ही पेपरांत 'कॉल' ही वस्तू गृहीत धरलेली आहे. जणू रुग्णाची माहिती त्यात भरलेली आहे, आणि माणूस किंवा यंत्र यांपैकी कोण ती जास्त चांगली काढून घेतो एवढाच प्रश्न आहे. पण फोन करणारा जे बोलतो ते बरंचसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. डिस्पॅचरने "नेहमीसारखा श्वास चालू आहे का" असं विचारलं म्हणून "नाही, मधेच एखादा घेतायत" हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आलं. ते ऐकून यंत्राने अरेस्ट ओळखला, तर श्रेय कुणाचं? आणि तिने तो प्रश्नच विचारला नाही, तर यंत्राला ऐकायला काय उरलं? कोपनहेगनमध्ये प्रश्नांचे शब्द ठरलेले नसतात हे वर सांगितलं ते यासाठी. माणूस विरुद्ध यंत्र अशी शर्यत इथे झालेलीच नाही. यंत्र माणसाच्या खांद्यावर बसून पळत होतं.

हे ज्यांना पटत नाही त्यांनी १९८८ चा एक जुना पेपर वाचावा: जॅक व्हेलन, डॉन झिमरमन आणि मेरिलिन व्हेलन यांचा, 'सोशल प्रॉब्लेम्स'मधला. सगळा पेपर एकाच कॉलवर आहे. १९८४, डॅलस. एक माणूस सावत्र आईसाठी ॲम्ब्युलन्स मागतो, फोनवरची नर्स प्रश्न विचारते, दोघांचं वाजतं, गाडी निघायला उशीर होतो आणि बाई दगावते. वर्तमानपत्रांनी नर्सला धारेवर धरलं. संशोधकांनी मात्र संभाषणाची ओळ न् ओळ उलगडून दाखवलं की दोघं दोन वेगळ्या कामांत होते. तो सेवा मागत होता: मी सांगतोय, गाडी पाठवा. ती मुलाखत घेत होती: आधी उत्तरं, मग ठरवू. त्यामुळे तिचा प्रत्येक प्रश्न त्याला अडवणूक वाटला आणि त्याचा प्रत्येक त्रागा तिला सहकार्य नाकारण्यासारखा वाटला. बाई नीट बोलू शकत नाही ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या भांडणात सांगितली गेली होती. पण ती लक्षण म्हणून ऐकली गेली नाही, प्रश्नाला दिलेली बगल म्हणून ऐकली गेली.

एका कॉलवर पेपर? हो, आणि इथे संख्याशास्त्रवाले नाक मुरडतात. माझ्या मते हा पेपर त्या एक लाख आठ हजार कॉल्सइतकाच कामाचा आहे, कारण सुटलेला कॉल सुटतो कसा हे तो दाखवतो. कोपनहेगनचे पेपर किती सुटले ते सांगतात. त्याची मर्यादाही उघड आहे: बोलणं असं फिस्कटण्याचं प्रमाण किती, हे एका कॉलवरून कळणार नाही. दोन्ही प्रकारच्या कामांची सांगड घालणारं संशोधन पर्थमध्ये झालंय. मारीन रिऊ आणि सहकाऱ्यांनी तिथल्या अरेस्टच्या कॉल्समध्ये पहिल्याच प्रश्नाचं क्रियापद तपासलं. इंग्रजीत "काय झालं" आणि "काय झालंय" यांत असतो तसा काळाचा फरक. साध्या भूतकाळात विचारलं की लोक गोष्ट सांगू लागतात, सकाळपासून सुरुवात करून. "काय झालंय" या अर्थाने विचारलं की थोडक्यात स्थिती सांगतात, आणि गाडी लवकर निघते. आपल्या भाषेत हा फरक आयता आहे. "काय झालं?" विचारून बघा घरी कुणाला, दुपारच्या जेवणापासून ऐकावं लागेल.

तुमच्यापैकी काही जण १०८ वर प्रबंध करायच्या विचारात असतील, म्हणून थोडं त्याबद्दल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि त्यावरचे प्रस्ताव साधारण एकाच साच्याचे असतात: कॉल किती आले, गाडी किती मिनिटांत पोचली, रुग्णांचे प्रकार कोणते. प्रकार कुठून घेणार, तर कंट्रोल रूमच्या नोंदीतून. म्हणजे डिस्पॅचरने जे ठरवलं तेच सत्य धरून डिस्पॅचरचा निर्णय बरोबर होता का हे तपासायचं. असा अभ्यास कधीच चूक सापडू देणार नाही. निदान एका जिल्ह्यात, एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी रजिस्टरवरून उलट दिशेने यायचा प्रयत्न करा. आपल्याकडे नागरिक क्रमांकाने नोंदी जोडून मिळत नाहीत, मोबाईल नंबर आणि वेळ यांवर जुळवाजुळव करावी लागेल, एथिक्स कमिटी दोनदा परत पाठवेल, आणि शेवटी हाती दोनशे कॉल लागतील. दोनशे पुरेत. त्यांचा छेद तुम्हाला माहीत असेल.

आणि कोपनहेगनच्या गटाकडून मला पुढचा पेपर हवा आहे तो नव्या मॉडेलचा नाही. इशारा दिसत असूनही ३१८ पैकी २२ अरेस्ट ओळखले गेले नाहीत. स्क्रीनवर अक्षरं आली होती, कानात माणूस बोलत होता, आणि डिस्पॅचरने माणसाचं ऐकलं. त्या बावीस जणांच्या घरच्यांनी त्या वेळी काय सांगितलं, त्यांना काय विचारलं गेलं होतं, आणि इशारा आल्यावर डिस्पॅचरचा पुढचा प्रश्न बदलला की तोच राहिला? ट्रायलच्या तक्त्यात या सगळ्यासाठी एकच रकाना आहे, 'ओळखले नाही' असा. रेकॉर्डिंगमध्ये ते सगळं आहे.